नाशिकमध्ये नवीन घरासाठी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन सर्व एलजीचेच घ्यावे का?

नाही, वॉशिंग मशीन आणि ओएलईडी टीव्ही (ज्याच्या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) या कंपनीचे अवश्य घ्यावेत, बाकीच्या वस्तू मात्र मॉडेल पाहून ठरवाव्यात. दुरुस्तीच्या कामात मी ही यंत्रे नेहमी उघडतो: डायरेक्ट ड्राइव्ह वॉशिंग मशीनमध्ये मोटार थेट ड्रमला जोडलेली असल्यामुळे पट्टा झिजण्याचा किंवा सुटण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि हा गुण खरोखर मोलाचा आहे. तरीही नाव मोठे म्हणून प्रत्येक वस्तू सरस ठरतेच असे नाही; याच कंपनीने २०२१ मध्ये मोबाइलचा व्यवसाय बंद केला. १० वर्षांची हमी बहुधा केवळ मोटारीवर किंवा कॉम्प्रेसरवर असते, सर्किट बोर्डावर नाही, हे बिल करण्यापूर्वी वाचून घ्यावे. घरात बोअरचे जड पाणी असेल, तर कोणत्याही कंपनीच्या मशीनच्या हीटरवर पांढरा थर साचतो.