मोहोराच्या दिवसांतली बोटांची गाणी

प्रश्न : माझी नात सव्वा वर्षाची आहे. लेक-जावई नोकरीला जातात, दिवसभर ती माझ्याजवळ असते. मोबाईलवर बालगीतं लावली की शांत बसते, पण टाळ्या वाजवत नाही, हात हलवत नाही, नुसती बघत राहते. मला गळा नाही, म्हणून मी स्वतः गात नाही. काय करू? (एक आजी, फोंडा)

उत्तर : ताई, आधी तो मोबाईल बाजूला ठेवा. एवढ्या लहान बाळाला पडदा नकोच, दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगून ठेवलंय. मला मात्र बालवाडीत 31 वर्षं काढल्यावर एक साधं कारण दिसतं. मोबाईलमधलं गाणं बाळासाठी थांबत नाही. तिचा हात वर येईपर्यंत गाणं पुढच्या कडव्यावर गेलेलं असतं. दोन-चार वेळा असं झालं की ती हात उचलायचंच सोडून देते.

गळ्याचं म्हणाल, तर हातावरची गाणी गायची नसतातच, ती म्हणायची असतात. तळहातावर मोराला बसवून चारा घालायचा खेळ तुमच्या आईनं तुमच्याशी नक्की खेळला असेल. त्यात सूर कुठे होता? आईचं बोट होतं, आणि मोर उडायच्या आधी रोखून धरलेला श्वास होता.

सध्या दारात आंबा मोहरलाय, त्याचंच गाणं घ्या. हे मी बालवाडीतल्या मुलांसाठी जुळवलं होतं. बाळाला मांडीवर तुमच्याकडे तोंड करून बसवा, तिचा हात हातात घ्या आणि अंगठ्यापासून एकेक बोट धरत जा :

ही फांदी जाडी,
ही फांदी वाकडी,
ही फांदी उंचाडी,
हिला मोहोर आला गं,
चिमणी फांदी राहिली गं,
तिथं कोण लपलं गं?
…कुहू!

‘लपलं गं’ म्हटल्यावर थांबायचं. करंगळी धरून ठेवायची, भुवया वर करायच्या आणि तिच्या डोळ्यांत बघत राहायचं. मनात चार आकडे मोजा, मग ‘कुहू’ म्हणत करंगळी हलवा.

हे थांबणं मी शिकले ते एका मुलाकडून. डिचोली तालुक्यात आमच्या बालवाडीच्या अंगणात मानकुराद आंब्याचं झाड होतं. फेब्रुवारीत त्याच्या मोहोराखाली आम्ही गोल करून बसायचो. अडीच वर्षांचा एक मुलगा दोन महिने येत होता, पण तोंडातून शब्द नाही. मी तेव्हा अर्ध्या तासात पाच गाणी संपवायची, हात भराभर चालायचे. एके दिवशी त्याची करंगळी माझ्या चिमटीत असताना मला खोकल्याची उबळ आली. खोकला काही थांबेना. मुलं गप्प बसून राहिली. आणि त्यानं माझ्या चिमटीतलं आपलं बोट आपणच हलवलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, ‘कु’. मोहोराची बारीक पिवळी फुलं त्याच्या केसांत पडली होती, ती मला अजून दिसतात. दुसऱ्या दिवसापासून मी पाच गाण्यांऐवजी एकच गाणं घेतलं आणि तेच पंधरा दिवस म्हटलं.

तुमची नात आठवडाभर नुसती बघेल. बघू द्या. काही बाळं वर्षाच्या आत टाळ्या वाजवतात, काही जरा सावकाश. मात्र हाक मारली तर वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, तर गाण्यावर न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन्ही एकदमच सुरू करायला हरकत नाही.

प्रश्न : शिगमोत्सवाला, म्हणजे आपल्या गोव्यातल्या होळीच्या सणाला, गावी गेलो की माझी तीन वर्षांची मुलगी ढोल-ताशाच्या आवाजानं किंचाळत रडते. तिला घोडेमोडणी दाखवायची माझी फार इच्छा आहे. (एक बाबा, वाळपई)

उत्तर : तुमची इच्छा मला अगदी मनापासून पटते. कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारे ते गडी लहानपणी बघितले की जन्मभर विसरत नाहीत. पण मुलीला एकदम ढोलासमोर उभी करू नका. फाल्गुन लागायच्या आधीच घरात सुरुवात करा. दोन करवंट्या घ्या, कडा घासून गुळगुळीत करा. एकमेकींवर आपटल्या की टापांचा आवाज येतो. मुलीला गुडघ्यांवर बसवा (मांड म्हणजे गावात शिगमा खेळायची जागा) :

टबडक टबडक घोडा आला,
मांडावरती नाचू लागला,
एक पाऊल पुढे गेला,
एक पाऊल मागे आला,
वळला… डुलला… थांबला…
आणि खाली बसला!

‘बसला’ला गुडघे हळूच खाली सोडायचे. करवंट्या तिच्या हातात द्या. आवाज किती मोठा करायचा ते तिनं ठरवायचं. भीती असते ती आपल्या हातात नसलेल्या आवाजाची. रोमटामेळातलं, म्हणजे शिगम्याच्या नाचत जाणाऱ्या मिरवणुकीतलं, ‘ओस्सय, ओस्सय’ही आधी कुजबुजत म्हणा, मग रोज थोडं चढवा.

शिगम्याच्या दिवशी दुपारीच तिला मांडावर न्या. ढोल नुसते ठेवलेले असतात तेव्हा त्यांच्या चामड्यावरून तिचा तळवा फिरवा, वाजवणाऱ्या काकांना एक हलकी थाप द्यायला सांगा. संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन लांबून बघा. रडली तर घरी परत या. पुढच्या वर्षीही फाल्गुन आहेच.

प्रश्न : मी मराठी, सासरी कोकणी. बाळाशी गाणी कोणत्या भाषेत म्हणावी यावरून घरात वाद होतो. (एक आई, मडगाव)

उत्तर : दोन्ही. तुम्ही ‘घोडा आला’ म्हणा, सासूबाई ‘घोडो आयलो’ म्हणतील. बाळाला एवढंच कळेल की आईच्या मांडीवर घोडा असा येतो आणि आजीच्या मांडीवर तसा. त्यात त्याचा गोंधळ होत नाही. दोन भाषांत वाढलेली कितीतरी मुलं मी बघितली आहेत. सासूबाईंना त्यांच्या आईचं गाणं आठवत असेल तर आजच लिहून घ्या, हे मात्र मी हात जोडून सांगते.

प्रश्न : जुन्या गाण्यांतलं जातं, बैलगाडी माझ्या मुलाला कळत नाही. आपण नवीन गाणी रचली तर परंपरा बिघडेल का? (एक आई, पर्वरी)

उत्तर : अजिबात नाही. ज्या काजूवाचून आपला उन्हाळा सुरू होत नाही, तो काजूसुद्धा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. गाण्यात तो कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा घातला असेलच ना? तशी तुम्हीही घाला. मुलाला जे रोज दिसतं ते घ्या आणि हाताचा आकार शोधा. काजूसाठी मूठ वळायची, तो बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ. अंगठा खाली लोंबता सोडायचा, ती बी :

बोंडू लाल, बोंडू पिवळा,
खाली लोंबे अंगठा सावळा,
वारा आला भुरूभुरू,
फांदी लागली डुलू डुलू,
बोंडू पडला खाली… धप्प!

मूठ मांडीवर पडली की मूल तीच पुन्हा वर उचलून धरतं. माझा नातू हे सलग अकरा वेळा म्हणायला लावतो आणि मी म्हणते.

खरा बोंडू दाखवायला बागेत जाल तेव्हा बी पिळून काढायचं काम तुम्ही करा. ओल्या बीच्या सालीतलं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, आणि मुलाचा हात लगेच तोंडात जातो. त्याला नुसता बोंडू धुऊन हातात द्या, हुंगू द्या. रसाचे डाग कपड्यांवरून सहसा जात नाहीत, तेव्हा जुनं झबलं घालून न्या.