बारापैकी पाच ट्रॅक आधीच दुसरीकडे दिलेत. आता एक्सक्लुझिव्ह करारावर सही करू का?

प्रश्न : मी कोल्हापूरला राहतो. घरातल्या छोट्या स्टुडिओत जाहिराती, माहितीपट, यूट्यूबचे व्हिडिओ यांच्यासाठी पार्श्वसंगीत करतो. साडेतीन वर्षांपूर्वी एका म्युझिक लायब्ररीला (तयार संगीत वापरण्याचे परवाने विकणाऱ्या कंपनीला) २४ ट्रॅक नॉन-एक्सक्लुझिव्ह दिले, म्हणजे तेच ट्रॅक दुसरीकडेही देता येतील असे. तीन वर्षांची मुदत गेल्या ११ ऑगस्टला संपली. पण ९० दिवस आधी लेखी नोटीस न दिल्यामुळे अटीप्रमाणे करार आपोआप एक वर्षानं वाढला. आता मुंबईची एक लायब्ररी १२ ट्रॅक एक्सक्लुझिव्ह मागते आहे : १,८०,००० रुपये एकरकमी, जगभरासाठी, कायमचे. त्यांतले पाच जुन्या २४ मधलेच आहेत आणि त्या पाचांपैकी एक जुन्या लायब्ररीनं नागपूरच्या एका चहाच्या जाहिरातीला दिलेला आहे. मी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचा, सभासद आहे. आठ दिवसांत सही करा म्हणतात. त्यांचा मसुदा आणि जुना करार सोबत पाठवतो. नॉन-एक्सक्लुझिव्ह म्हणजे मालकी माझीच राहिली ना? मग सही करायला हरकत काय?

उत्तर : मालकी तुमचीच आहे, हे अगदी बरोबर. पण मालकी असणं आणि एक्सक्लुझिव्ह देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची अडचण नेमकी तिथे आहे.

एक्सक्लुझिव्ह परवाना म्हणजे काय, हे कॉपीराइट कायदा १९५७ च्या व्याख्येतच दिलेलं आहे. तो ज्याला दिला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही तो हक्क वापरता येत नाही, अगदी मूळ मालकालाही नाही. म्हणजे मुंबईच्या लायब्ररीला तुम्ही फक्त 'यापुढे दुसऱ्या कुणाला देणार नाही' असं सांगत नाही. 'आज हा ट्रॅक दुसऱ्या कुणाकडेही नाही' असंही सांगता. सात ट्रॅकबाबत ते खरं आहे. पाचांबाबत आज ते खरं नाही, आणि हे तुम्हाला माहीत आहे.

मुंबईच्या मसुद्याची नववी आणि दहावी अट पुन्हा एकदा सावकाश वाचा. नवव्या अटीत तुम्ही हमी देता की हे ट्रॅक कुठल्याही बोज्यापासून मुक्त आहेत, म्हणजे त्यांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. दहाव्या अटीत ती हमी खोटी ठरली तर लायब्ररीचं आणि तिच्या ग्राहकांचं सगळं नुकसान, वकिलाच्या फीसकट, तुम्ही भरायचं आहे. त्याला कमाल मर्यादा घातलेली नाही. उद्या त्यांनी यांतला एक ट्रॅक मोठ्या ब्रँडला 'दुसरीकडे कुठेही वाजलेला नाही' म्हणून विकला आणि त्या ब्रँडला तो नागपूरच्या चहाखाली ऐकू आला, तर तो दावा शेवटी तुमच्या दारात येईल. एका ट्रॅकचे १५,००० रुपये घेऊन अमर्याद जबाबदारी अंगावर घेऊ नका. एवढ्याचसाठी मी म्हणते, आठ दिवसांत सही नको.

जुना करार मोडून टाकता येईल का, असं तुमच्या मनात आलं असेल. मधेच नाही, पण चालू मुदत येत्या ११ ऑगस्टला संपते. ९० दिवस मागे मोजले तर १३ मे येतो. त्या दिवसाची वाट पाहू नका. फेब्रुवारी आहे, याच आठवड्यात नोटीस पाठवा : पाच ट्रॅकची नावं लिहून, ते पुढच्या मुदतीत ठेवायचे नाहीत असं स्पष्ट सांगून, करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही. उरलेले १९ ट्रॅक तिथेच राहू द्या. थोडे का होईना, त्यांतून पैसे येतात असं तुम्हीच लिहिलं आहे. करारात 'सर्व ट्रॅक मिळून एकच करार' अशी अट नाही, त्यामुळे पाच वेगळे काढता येतील, असं माझं वाचन आहे. त्यांनी हरकत घेतली तर लेखी उत्तर मागा.

नोटीस लागू झाली तरी एक शेपूट उरतंच. लायब्ररीनं मुदतीच्या आत ज्यांना परवाने दिले, ते त्या-त्या परवान्याच्या मुदतीपर्यंत चालू राहतात. तुमच्या जुन्या करारात हे सहाव्या अटीत आहे आणि ते न्यायाचंही आहे. चहावाल्यानं पैसे मोजले आहेत, त्याची जाहिरात तुम्ही थांबवू शकत नाही. म्हणून जुन्या लायब्ररीकडून आत्ताच पाचही ट्रॅकच्या परवान्यांची यादी मागवा : कुणाला, कशासाठी, कुठे, किती वर्षांसाठी. हिशेब मागण्याचा हक्क तुम्हाला करारात आहे, तो वापरा.

त्याच पत्रात आणखी एक विचारा. नॉन-एक्सक्लुझिव्ह लायब्रऱ्यांमध्ये तोच ट्रॅक नवं नाव देऊन आपल्या खात्यात नोंदवण्याची पद्धत आहे. तुमच्या पाच ट्रॅकची अशी वेगळी नावं कुठे नोंदली गेली आहेत का? यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे ध्वनी ओळखून व्हिडिओवर आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेत, ते कुणी टाकले आहेत का? कंटेंट आयडीसाठी यूट्यूब त्या ध्वनीवर एक्सक्लुझिव्ह हक्क असावेत अशी अट घालतं, त्यामुळे दोन लायब्रऱ्यांतून फिरणारा ट्रॅक तिथे जायलाच नको. गेला, तर पैसे देऊन रीतसर परवाना घेतलेल्या माणसाच्या व्हिडिओवरच दावा येतो आणि तो माणूस तुम्हाला फोन करतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण संगीतकारांच्या तक्रारींत ही वारंवार दिसते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण संगीतकारानं यात काही वाईट हेतूनं केलेलं नसतं.

आता मुंबईच्या मसुद्याकडे. सात ट्रॅक एक्सक्लुझिव्ह द्यायला माझी हरकत नाही. तुम्हाला घरभाडं भरायचं आहे आणि १५,००० हा एका ट्रॅकसाठी नगण्य आकडा नाही. पण 'एक्सक्लुझिव्ह' या शब्दाआड मसुद्यात मालकीच दिली जाते आहे. तिसरी अट 'सर्व हक्क, कायमचे हस्तांतरित' म्हणते. परवाना आणि हस्तांतर यांतला फरक पुढच्या वीस वर्षांचा आहे. परवाना संपला की ट्रॅक तुमच्याकडे परत येतो. हस्तांतरात तो गेला. म्हणून तिथे 'पाच वर्षांचा एक्सक्लुझिव्ह परवाना' लिहून मागा. मुदत मुद्दाम स्पष्ट लिहायला सांगते आहे. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम ३०-ए नुसार हेच परवान्यालाही लागू आहे. पण या मसुद्यात 'कायम' आणि 'जगभर' हे दोन्ही शब्द लिहिलेले आहेत, त्यामुळे कायद्याचं ते संरक्षण तुम्हाला आपोआप मिळणार नाही.

चौथ्या अटीत 'लेखकाच्या वाट्यासह सर्व रॉयल्टी लायब्ररीची' असं आहे. इथे 'लेखक' म्हणजे संगीतकार, तुम्हीच. ही अट मला सहन होत नाही, आणि कायद्यालाही नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ सांगतं की ध्वनिमुद्रणातल्या संगीताचा लेखक आपला रॉयल्टीचा समान वाटा कुणालाही देऊन टाकू शकत नाही; अपवाद फक्त वारसांचा आणि वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीचा. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल. शब्द नसलेलं वाद्यसंगीतही यात येतं, कारण कायद्यात 'सांगीतिक कृती' म्हणजे संगीतच; शब्द त्यात धरलेले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयपीआरएसच्या दाव्यात एफएम वाहिन्यांविरुद्ध अंतरिम आदेश देताना हाच हक्क उचलून धरला. तेव्हा 'आता एकरकमी घ्या, रॉयल्टी विसरा' म्हणणाऱ्याला तुम्ही शांतपणे कायद्याचं नाव सांगू शकता.

आयपीआरएसच्या सभासदत्वाचा मुद्दा तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिला आहे. खरं तर तो फार महत्त्वाचा आहे. सभासद होताना सार्वजनिक प्रयोगाचे आणि प्रसारणाचे हक्क तुम्ही सोसायटीला देऊन बसला आहात. तेच हक्क पुन्हा लायब्ररीला देणारं हस्तांतर कलम १९(८) प्रमाणे रद्दबातल आहे. म्हणून करारात एक ओळ हवीच : 'आयपीआरएसकडे असलेले हक्क या करारातून वगळले आहेत.' ती नसेल तर नवव्या अटीतली हमी पहिल्याच दिवशी खोटी ठरते.

मसुद्याच्या अकराव्या अटीवर पेनानं रेघ मारा. पुढची तीन वर्षं 'त्याच शैलीचं' संगीत दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीला द्यायचं नाही, असं ती म्हणते. एक्सक्लुझिव्हपण नावं लिहिलेल्या ट्रॅकचं असावं, माणसाचं नाही. तुमची शैली हीच तुमची रोजीरोटी आहे; तिच्यावर कुणाला ताबा देऊ नका. शिवाय चोवीस महिन्यांत एखादा ट्रॅक एकदाही विकला गेला नाही तर तो तुम्हाला परत, अशी अट घाला. कलम १९(४) प्रमाणे वर्षभर न वापरलेला हक्क तसाही संपतो, पण करारात उलट लिहिलं असेल तर नाही, आणि यांनी उलटच लिहिलं आहे.

पाच ट्रॅकबाबत त्यांना खरं सांगा. लपवू नका आणि 'बघू' असंही म्हणू नका. 'हे पाच ट्रॅक ११ ऑगस्टपर्यंत एका लायब्ररीकडे नॉन-एक्सक्लुझिव्ह आहेत; सोबत दिलेल्या यादीतले परवाने नंतरही चालू राहतील; हे मान्य असल्यास १२ ऑगस्टपासून ते एक्सक्लुझिव्ह देता येतील' असं लिहून द्या. काही लायब्रऱ्या हे मान्य करतात, किंमत थोडी कमी करतात. नाही म्हणाले तर सातांचा करार १,०५,००० ला करा. दहाव्या अटीतली जबाबदारी तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या. ते नाही म्हणाले तर मला कळवा, त्यावर आपण वेगळं बोलू.

शेवटचं एक, ज्याची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. बारांपैकी चार ट्रॅकमध्ये बासरी आहे आणि ती तुमच्या मित्रानं वाजवली, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याच्याकडून लिहून काहीच घेतलेलं नाही. वादकाला कलम ३८-ए प्रमाणे स्वतःचे हक्क असतात आणि व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीही. मैत्रीत बोललेलं लायब्ररीच्या वकिलाला चालत नाही. चारही ट्रॅकची नावं, त्याला द्यायची रक्कम आणि वापराला त्याची संमती असा एक कागद करा, त्याची सही घ्या आणि त्याला पैसे द्या. सही करण्याआधी त्यालाही तो कागद कुणाला तरी दाखवायला सांगा.