ट्रम्प यांच्यानंतर अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीचं काय होईल?

तुमचा प्रश्न असा आहे: राज्यघटनेनुसार ट्रम्प यांना पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून येता येणार नाही, मग त्यांच्यानंतर अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे रिपब्लिकन पक्षामागचे उजवे, पुन्हा 1980 च्या दशकातले अध्यक्ष रेगन यांच्या मुक्त बाजाराच्या वाटेने जातील की आहे तेच चालू राहील?

माझं उत्तर आधीच सांगतो. रेगन यांच्या वाटेने कोणी परत जाणार नाही. चळवळ टिकेल की फुटेल हे कर, टॅरिफ (आयातशुल्क) किंवा गर्भपात यांवरूनही ठरणार नाही. अमेरिकन कोणाला म्हणायचं, या एका प्रश्नावर ते ठरेल. मी न्यू जर्सीत राहतो, इथला नागरिक आहे, मतदान करतो. या प्रश्नाचं उत्तर थेट माझ्या घरात येऊन पोहोचतं, त्यामुळे मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही.

ही चळवळ मुळात एकजिनसी कधीच नव्हती. 1955 साली विल्यम बकली नावाच्या तिशीच्याही आतल्या तरुणाने 'नॅशनल रिव्ह्यू' हे मासिक सुरू केलं, तेव्हा अमेरिकेत उजवे विखुरलेले होते. एकीकडे सरकारने बाजारात लुडबुड करू नये म्हणणारे, दुसरीकडे धर्म आणि कुटुंबव्यवस्था ढासळते आहे म्हणून अस्वस्थ असलेले, तिसरीकडे सोव्हिएत युनियनला ठेचायलाच हवं म्हणणारे. बाजारवाल्याला चर्चशी देणंघेणं नव्हतं आणि चर्चवाल्याला बाजाराचा संशय होता. त्याच मासिकात लिहिणाऱ्या फ्रँक मेयर यांनी या सगळ्यांची वैचारिक मोट बांधली. स्वातंत्र्य नसेल तर सद्गुणाला अर्थ नाही आणि सद्गुण नसेल तर स्वातंत्र्य टिकत नाही, असा त्यांचा साधारण युक्तिवाद. पण खरं सांगायचं तर मोट टिकली ती समोर कम्युनिझम होता म्हणून. 1964 मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी ही मोट घेऊन अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि 50 पैकी 6 राज्यं जिंकली. सोळा वर्षांनी त्याच विचारांवर रोनाल्ड रेगन 44 राज्यं जिंकून अध्यक्ष झाले. मधल्या काळात हेरिटेज फाउंडेशन ही धोरण-अभ्यास संस्था (1973) आणि मॉरल मेजॉरिटी ही धार्मिक मतदारांची संघटना (1979) उभ्या राहिल्या. निवडणुका हरत असतानाही संस्था बांधत राहण्याची ही चिकाटी मला आजही या चळवळीची सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

1991 मध्ये सोव्हिएत युनियन कोसळलं आणि मोटेची दोरी तुटली. पुढच्याच वर्षी पॅट ब्युकॅनन यांनी आपल्याच रिपब्लिकन पक्षाच्या विद्यमान अध्यक्षांना, थोरल्या बुशना, आव्हान दिलं. मुक्त व्यापार नको, परदेशातली युद्धं नकोत, स्थलांतर आवरा. आज ट्रम्प जे बोलतात त्यातलं बहुतेक सगळं ब्युकॅनन तेव्हा बोलून गेले होते. ते हरले, पण त्यांचा मतदार कुठे गेला नाही. मग इराकचं युद्ध झालं, 2008 मध्ये बँका कोसळल्या, आणि ओहायो-मिशिगनच्या ज्या गावांतून कारखाने गेले होते तिथल्या लोकांना वॉशिंग्टनमधले रिपब्लिकन नेते करकपातीचीच गोष्ट सांगत राहिले. 2012 च्या पराभवानंतर पक्षाने 2013 मध्ये अहवाल काढला, त्याचा सल्ला होता की स्थलांतरितांबाबत मवाळ व्हा, लॅटिनो मतदारांना जवळ करा. लगेच 2014 मध्ये पक्षाचे सभागृहातले दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर स्थलांतराच्याच मुद्द्यावर व्हर्जिनियातल्या प्राथमिक (पक्षांतर्गत उमेदवार निवडण्याच्या) निवडणुकीत एका अनोळखी प्राध्यापकाकडून हरले. नेते आणि मतदार यांच्यात केवढी दरी पडली आहे हे त्या दिवशी दिसलं. ट्रम्प यांनी ती दरी निर्माण केली नाही. ते तिच्यातून वर आले.

आता ट्रम्प यांच्याकडून कोणाला काय मिळालं ते पाहा, म्हणजे पुढची भांडणं कळतील. धार्मिक मंडळींना त्यांनी तीन न्यायमूर्ती दिले आणि जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा 1973 पासूनचा घटनात्मक हक्क रद्द केला. पन्नास वर्षांचं ध्येय पुरं झालं. पण लगेच ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात मतदारांनी गर्भपातविरोधी दुरुस्ती फेटाळली. पुढच्या वर्षी ओहायोने हा हक्क थेट राज्याच्या घटनेत घातला. न्यायालय जिंकलं, मतदार हरवला. 2024 च्या जाहीरनाम्यात पक्षाने हा विषय राज्यांवर सोपवून हात झटकले, आणि धार्मिक गट चरफडत गप्प बसला, कारण त्याला जायला दुसरी जागा नाही.

बाजारवाल्यांना करकपात मिळाली, पण सोबत टॅरिफही आले. एप्रिल 2025 मध्ये जवळपास सगळ्या जगावर, आणि ऑगस्टमध्ये भारतीय मालावर 50 टक्के. कर्जाबद्दल तर बोलायलाच नको. रेगन आले तेव्हा अमेरिकेवर एक ट्रिलियन डॉलरच्या आत कर्ज होतं, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ते 38 ट्रिलियनच्या वर गेलं. व्याजाचा खर्च संरक्षण खर्चाच्या पुढे गेला आहे. जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कर आणि खर्चाच्या कायद्याने पुढच्या दहा वर्षांत तुटीत आणखी 3.4 ट्रिलियनची भर पडेल, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. सिनेटमधले रँड पॉल आणि सभागृहातले टॉमस मॅसी या रिपब्लिकनांनी कर्जाकडे बोट दाखवून विरोधी मत दिलं. या दोघांशी मी अनेक बाबतींत सहमत नाही, पण काटकसर हे कॉन्झर्व्हेटिव्ह मूल्य आहे असं मानून प्रत्यक्ष त्याप्रमाणे मत देणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नातवंडांच्या नावावर कर्ज काढू नये, यात डावं-उजवं काय आहे?

सगळ्यांत जास्त मिळालं ते राष्ट्रवादी गटाला. आणि इथेच खरा पेच आहे.

19 जानेवारी 1989 रोजी, अध्यक्ष म्हणून जवळजवळ शेवटच्या भाषणात, रेगन यांनी आपल्याला आलेल्या एका पत्राचा दाखला दिला होता. तुम्ही फ्रान्समध्ये जाऊन राहिलात तरी फ्रेंच होत नाही, जपानमध्ये राहिलात तरी जपानी होत नाही, पण जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस अमेरिकेत येऊन अमेरिकन होऊ शकतो, असा त्याचा आशय. जुलै 2024 मध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनात जे. डी. व्हान्स यांनी उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना वेगळं चित्र उभं केलं. अमेरिका ही नुसती एक कल्पना नाही, समान इतिहास आणि समान भविष्य असलेल्या माणसांचं ते राष्ट्र आहे, असं ते म्हणाले. पूर्व केंटकीच्या डोंगरात त्यांच्या पूर्वजांचं कबरस्तान आहे, आपणही तिथेच विसावू आणि मुलंही आपल्यामागून तिथे आली तर सात पिढ्या होतील, हे त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात पत्नी उषा यांच्या स्थलांतरित भारतीय आईवडिलांचा उल्लेख त्यांनी आदराने केला, आणि नवे लोक आपण घेतो पण आपल्या अटींवर घेतो, असंही म्हटलं.

व्हान्स यांचं भाषण मी हलक्यात घेत नाही. मातीची, पूर्वजांच्या जागेची ओढ मला कळते. गावाकडची वाडवडिलांची जमीन विकताना ज्याच्या पोटात कालवलं असेल त्या प्रत्येक मराठी माणसाला ती कळेल. माणसं तत्त्वासाठी कमी आणि घरासाठी जास्त लढतात, हेही खरं. पण देशाची व्याख्याच कबरस्तानावरून करायची ठरवली, तर ज्याचे पूर्वज इथे पुरलेले नाहीत तो कायमचा पाहुणा ठरतो. व्हान्स स्वतः इतकं टोक गाठत नाहीत. त्यांच्या मागे उभे असलेले काही जण मात्र गाठतात. पिढीजात अमेरिकन आणि नुसते कागदोपत्री अमेरिकन असा भेद ते आता उघडपणे करतात.

हे नुसतं बोलणं राहिलेलं नाही. 20 जानेवारी 2025 रोजी, शपथ घेतल्याच्याच दिवशी, ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्व आवळणारा आदेश काढला. त्यात बेकायदा आलेल्यांच्या मुलांबरोबर तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्यांच्या मुलांचाही समावेश होता, म्हणजे एच-वन-बीवर असलेल्या आपल्या असंख्य मराठी कुटुंबांचा. खालच्या न्यायालयांनी तो रोखला. कारण इथे जन्मलेल्याला नागरिक मानणारी 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती आणि तोच अर्थ पक्का करणारा 1898 चा वाँग किम आर्क खटल्याचा निकाल त्याच्या आड येतात. मग सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आलं. या व्हिसाधारकांतले 70 टक्क्यांच्या आसपास भारतीय आहेत. पुणे-हिंजवडीहून इथे आलेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभी असलेली घरं मी रोज पाहतो. नेमाने कर भरणारी, मुलांच्या अभ्यासावर जीव टाकणारी, देवधर्म आणि सणवार पाळणारी, आईवडिलांचं करणारी. कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस म्हणजे कसा, असं कोणी विचारलं तर मी या घरांकडे बोट दाखवेन. आणि त्यांनाच ही चळवळ तुम्ही आमच्यातले नाही असं सांगते आहे.

जुन्या काळी अशा टोकाच्या मंडळींना दारातच अडवणारं कोणीतरी होतं. 1962 मध्ये बकली यांनी जॉन बर्च सोसायटी या सगळीकडे कम्युनिस्ट कट पाहणाऱ्या संघटनेच्या प्रमुखाला आपल्या मासिकातून जाहीरपणे दूर लोटलं. आपले वर्गणीदार तुटतील हे माहीत असूनही. तो काळ सोवळा होता असं मात्र समजू नका. याच मासिकाने 1957 मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेणारा अग्रलेख छापला होता. तरीही दाराशी कोणीतरी होतं. जानेवारी 2016 मध्ये त्याच मासिकाने ट्रम्पविरोधी खास अंक काढला आणि मतदारांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून दाराशी कोणी उरलं नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये उजव्यांचे लोकप्रिय मुलाखतकार टकर कार्लसन यांनी उघड ज्यूद्वेष्ट्या निक फुएन्टेसची सौम्य मुलाखत घेतली. हेरिटेज फाउंडेशनच्या अध्यक्षांनी कार्लसन यांची पाठराखण केली तेव्हा संस्थेतून राजीनामे पडले. डिसेंबरमध्ये फिनिक्सला टर्निंग पॉइंट या उजव्या युवक संघटनेच्या मेळाव्यात, संस्थापक चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर तीनच महिन्यांनी, ज्यू कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्यकार बेन शपिरो यांनी व्यासपीठावरून कार्लसन यांच्यावर तोफ डागली. त्याच मेळाव्यात भारतीय वंशाचे रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामी यांनी एक अमेरिकन दुसऱ्यापेक्षा जास्त अमेरिकन असू शकत नाही असं ठणकावलं. व्हान्स यांनी मात्र मी कोणाला बाहेर काढण्याची यादी घेऊन आलेलो नाही, अशी भूमिका घेतली. पत्नीवर वांशिक हल्ला करणाऱ्यांना त्यांनी त्याच महिन्यात कडक शब्दांत झापलं होतं. घरच्यांसाठी जी रेघ ओढली ती पक्षासाठी ओढायची त्यांची तयारी दिसत नाही. नेता म्हणून ही त्यांची मोठी उणीव आहे असं माझं मत आहे.

आता गणिताकडे येऊ, कारण नीतीपेक्षा गणित राजकारण्यांना लवकर पटतं. 2024 मध्ये ट्रम्प यांनी 312 इलेक्टोरल मतं आणि एकूण मतांतही आघाडी मिळवली, ती कोणाच्या जिवावर? टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ पूर्ण लॅटिनो आहे. 2016 मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना 79 टक्के मतं होती. 2024 मध्ये ती ट्रम्प यांनी जिंकली, शंभराहून अधिक वर्षांत तिथे रिपब्लिकन जिंकला नव्हता. आमच्या न्यू जर्सीतल्या पसेइक काउंटीतही तेच झालं. लॅटिनो, अरब, कष्टकरी वस्तीची ही काउंटी महागाईला कंटाळून ट्रम्प यांच्याकडे गेली. पण एकाच वर्षात, नोव्हेंबर 2025 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत, डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडे ती परतली. म्हणजे हा मतदार उजव्यांना उसना मिळाला होता. त्याला स्वस्त किराणा, सुरक्षित गल्ली, नीट चालणारी शाळा हवी आहे, आणि या सगळ्यांवर कॉन्झर्व्हेटिव्हांकडे सांगण्यासारखं बरंच आहे. पण दारावर मुखवटे घातलेले इमिग्रेशनचे लोक येऊ लागले की तो आधी आपल्या मावसभावाचा विचार करतो.

म्हणून माझा अंदाज असा: अर्थकारणावर तडजोड होईल. उपाध्यक्ष व्हान्स किंवा परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ, जो कोणी पुढे येईल तो, कामगारांची भाषा बोलेल, थोडे टॅरिफ ठेवेल, कर मात्र जुन्याच पद्धतीने कापेल. गर्भपातावर केंद्रात कोणी फार काही करणार नाही. परदेशी युद्धांवर कुरबुर चालू राहील. या कशावरूनही चळवळ फुटणार नाही. पण बहुवांशिक कष्टकऱ्यांचा पक्ष आणि सात पिढ्यांच्या अमेरिकनांचा पक्ष, हे दोन्ही एकाच वेळी होता येणार नाही. मतमोजणीत पहिल्याशिवाय भागत नाही आणि समाजमाध्यमांवरचा तरुण कार्यकर्ता दुसऱ्याकडे ओढतो. ट्रम्प यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे आजवर दोन्ही खपून गेलं. त्यांच्यामागे येणाऱ्याला ती सोय नसेल.

तुम्हाला भारतातून यावर लक्ष ठेवायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. एक, ओहायोमध्ये सिनसिनाटीला जन्मलेल्या, तमिळ आईवडिलांच्या, हिंदू रामस्वामींना गव्हर्नरपदाच्या लढतीत रिपब्लिकन मतदार किती मनापासून मत देतो. त्यांच्या अनेक धोरणांना माझा विरोध आहे, तरी या एका बाबतीत त्यांच्या बाजूने कौल लागावा असं मला वाटतं. दुसरी, 2028 च्या प्राथमिक फेरीतल्या वादसभा. एच-वन-बीवर आलेल्या आईबापांचं इथे जन्मलेलं मूल अमेरिकन आहे की नाही, एवढं प्रत्येक उमेदवाराला विचारलं जाईल. कोण सरळ हो म्हणतो आणि कोण कायद्याच्या आडोशाला जातो, ते ऐका.