हवालदाराने हात उगारला, तक्रार कुठे आणि कशी करायची?

प्रश्न : माझा मुलगा भारतीय सैन्यात शिपाई आहे. कंपनीतल्या हवालदाराने चारचौघांत त्याला आईवरून शिव्या दिल्या, थोबाडीत मारली आणि 'तक्रार केलीस तर रजा विसर' असे धमकावले. फेसबुकवर व्हिडिओ टाकावा का?

उत्तर : व्हिडिओ टाकू नका. आर्मी रूल्स १९५४ प्रमाणे जवानाने परवानगीशिवाय असे जाहीर बोलणे हाच शिस्तभंग ठरतो, आणि मग चौकशी थपडेची न होता तुमच्या मुलाची होते.

हुकूम पाळणे ही शिस्त; मार खाणे नव्हे. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४७ नुसार हाताखालच्या जवानाला मारणे किंवा छळणे हा गुन्हा असून त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम हवालदारालाही लागू होते. मुलाने मात्र उलट हात उगारू नये (कलम ४०) आणि चिडून रजेशिवाय घरी येऊ नये (कलम ३९). यातले एक जरी घडले तरी त्याची बाजू लंगडी पडते.

तक्रारीचा हक्क कलम २६ देते, आणि तो जवानाचा स्वतःचा आहे. वडिलांच्या पत्राने ते काम होत नाही. त्याने कंपनी कमांडरांकडे इंटरव्ह्यू (समक्ष भेटीची वेळ) मागावा व लेखी अर्ज द्यावा. तक्रार कंपनी कमांडरांविरुद्धच असती, तर ती त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करता आली असती. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यावर शक्य तितकी पूर्ण चौकशी करण्याचे बंधन आहे.

अर्जात विशेषणे नकोत. 'अमुक तारखेला रोल कॉलनंतर बॅरेकसमोर हवालदार अमुक यांनी माझ्या डाव्या गालावर थप्पड मारली. शिपाई अमुक हजर होते' एवढे पुरे. शिव्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. मार लागला असेल तर एमआय रूममध्ये (युनिटच्या वैद्यकीय तपासणी कक्षात) त्याच दिवशी नोंद हवी. उशीर झाला असेल तर आता तरी दाखवून घ्यावे. अर्जाची प्रत ठेवून पोच मागावी. सोबत्यांच्या सह्या घेऊन एकत्रित अर्ज तर मुळीच नको, त्याला बंडाचा रंग दिला जाऊ शकतो. सोबत्यांनी साक्षीदार म्हणून सांगावे.

जाणूनबुजून खोटे लिहिले किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर कलम ५६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. खरी तक्रार केवळ सिद्ध झाली नाही म्हणून हे कलम लागत नाही. ही भीती मुलाच्या मनातून काढा.

रजेच्या धमकीचा उल्लेख अर्जात जरूर करावा, पण रजा नाकारल्याचे गाऱ्हाणे सशस्त्र दल न्यायाधिकरणात चालत नाही. २००७ च्या कायद्याने रजेचे विषय तिथून वगळले आहेत. सेवेसंबंधीच्या इतर तक्रारी तिथे नेता येतात, तेही आधी खात्यातले मार्ग वापरल्यावर. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. तक्रारीवर ६ महिने काहीच निर्णय आला नाही, तर पुढचे ६ महिने मिळतात, म्हणून पोचेवरची तारीख जपून ठेवायला सांगा.