कॅमेरा सुरू झाला की सगळं विसरतं

चोपडा तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्राच्या ऑनलाइन कोर्ससाठी 5 मिनिटांचा व्हिडिओ करून द्यायचा होता. विषय तिनेच निवडलेला, केळीवरचा करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा रोग. ‘‘मॅडम, मला सगळं येतं, पण रेकॉर्डिंग सुरू केलं की विसरते. घरी अहिराणी बोलतो, घाईत केळीची केयी होते. मुलं हसतील.’’ खान्देशातल्या मुलामुलींची ही नेहमीची धास्ती.

तयारी कशी केली ते विचारलं, तेव्हा खरी गोम कळली. पुस्तकातले 900 शब्द वहीत उतरवून तिने पाठ केले होते आणि ते एका दमात म्हणायचे होते. सावकाश बोललं तर मिनिटाला 100 ते 120 शब्द होतात. म्हणजे 5 मिनिटांत फार तर 600. बाकीचे 300 कोंबायचे तर जीभ पळणार, पळाली की अडखळणार. आणि चौथ्या मिनिटाला चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. यात बोलीचा काय दोष?

वही बाजूला ठेवून विषयाचे पाच तुकडे पाडले: रोग दिसतो कसा, होतो कशाने, वाढतो कधी, उपाय काय, माहिती कुठून घेतली. प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी, तिच्यावर चारच शब्द. तुकडा मिनिटभराचा, वेगळा रेकॉर्ड केलेला. बिघडला तर तेवढाच पुन्हा करायचा. जोडायला मोबाईलवरचं साधं एडिटिंग अ‍ॅप पुरतं.

पहिला तुकडा बागेत. मागचा कॅमेरा पानावर, तिचा फक्त आवाज. पान उजेडासमोर धरलं की शिरांना समांतर बारीक पिवळसर रेघा दिसतात. पुढे त्यांचे तपकिरी ठिपके होतात, मधला भाग राखाडी पडतो. बोटाने रेघ दाखवताना वाक्यं आपोआप सुचली. दाट लागवडीत ओलावा कसा कोंडतो, हे वडिलांनी अहिराणीत सांगितलं. ते तसंच ठेवलं, खाली मराठी ओळी दिल्या. चेहरा दिसायलाच हवा का, हे तिने सरांना विचारून घेतलं. सुरुवातीला नाव सांगताना दिसला तरी चालणार होतं. खरं तर गुण कशाला आणि किती, हा तक्ता शिक्षकांनी आधीच द्यायला हवा. नाहीतर पोरं मजकूर सोडून पार्श्वसंगीत शोधत बसतात.

घरी केलेला दुसरा तुकडा फुकट गेला, कारण शेजारी कूलर चालू होता. कूलर-पंखा बंद, वायरवाल्या इअरफोनचा माइक हनुवटीखाली, खिडकी समोर (पाठीमागे असेल तर चेहरा काळा येतो), फोन आडवा आणि फ्लाइट मोडवर. आधी 20 सेकंद रेकॉर्ड करून ऐकायचं, मग पुढे.

रेकॉर्डिंग 720पी या चित्रदर्जावर पुरे. 1080पीला बऱ्याच फोनवर मिनिटाला 100 एमबीच्या पुढे जागा लागते आणि गावातल्या रेंजवर ती फाइल रात्रभर चढत राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, पानावरच्या रेघा पुसट होतात. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा ड्राइव्हची लिंक द्यावी. लिंक दिली तर ती पाहण्याची परवानगी लिंक असलेल्या कोणालाही द्यायची आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून बघायची. तिची पहिल्यांदा उघडली नव्हती. मुदतीला दोन दिवस होते, म्हणून निभावलं.