मुलांच्या हातातला फोन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: मुलगी ५ वर्षांची आहे. माझ्या फोनवर तिला यूट्यूब किड्स लावून देते, तरी मध्येच भीतिदायक, विचित्र कार्टून दिसतात. ॲप काढूनच टाकावे का?

उत्तर: काढू नका, आधी निवड आपल्या हातात घ्या. वयोगटानुसार तिथे जे दिसते ते बहुतांशी संगणकीय यंत्रणा आपोआप निवडते. ओळखीच्या कार्टूनचे चेहरे वापरून बनवलेले भलतेच व्हिडिओ त्यातून कधीकधी निसटतात. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये जा, मुलीचे प्रोफाइल उघडा, तुमच्या खात्याचा पासवर्ड द्या आणि काय दिसावे ते स्वतः ठरवण्याचा पर्याय चालू करा. मग शोधण्याची सोय बंद होते आणि तुम्ही मंजूर केलेलेच दिसते. अख्खे चॅनल मंजूर केले तर त्यावर पुढे येणारे व्हिडिओही दिसतात, म्हणून खात्री नसेल तिथे एकेक व्हिडिओच निवडा. कुलूप उघडताना सुरुवातीला गुणाकार विचारला जातो. पाढे पाठ झाले की तो अडसर उरत नाही, तेव्हा स्वतःचा पासकोड आत्ताच घाला.

एवढे करूनही एक गोष्ट हमखास राहते: त्याच फोनवर मोठ्यांचे यूट्यूब एका बोटाच्या अंतरावर असते. ॲन्ड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ (स्क्रीन एकाच ॲपवर बांधून ठेवणारी सोय) चालू करा, आणि बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही लावा. तो लावला नाही तर मूल सहज बाहेर पडते. आयफोनवर हेच काम ‘गायडेड ॲक्सेस’ करते. ते ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये चालू केले की बाजूचे बटण (जुन्या फोनवर होम बटण) तीनदा दाबून स्क्रीन त्या ॲपवर बांधता येते.

प्रश्न: ८ वर्षांच्या मुलाने गेममध्ये माझ्या कार्डवरून खरेदी केली. मला कळलेसुद्धा नाही.

उत्तर: खरेदी गूगल प्लेवरून झाली असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडेच परताव्याची मागणी करा. त्यानंतर बहुधा गेम बनवणाऱ्याकडे जावे लागते. मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी (पासवर्ड किंवा बोटाचा ठसा) लागेल असे करा. ‘दर ३० मिनिटांनी’ असा पर्याय दिसला तर तो घेऊ नका, कारण तुम्ही एकदा पासवर्ड दिलात की पुढचा अर्धा तास दार उघडे राहते. मुलाच्या बोटाचा ठसा फोनमध्ये नोंदवलेला असेल तर तो काढा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मधून ॲपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते, मात्र स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडण्याच्या कोडपेक्षा वेगळा हवा.

पण मूळ दुखणे हे की मूल तुमच्या खात्यावर खेळते आहे. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ किंवा ॲपलचे ‘फॅमिली शेअरिंग’ वापरून त्याला स्वतःचे खाते उघडून द्या. तिथे जन्मतारीख खरीच द्या, हे आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. एखादे ॲप चालावे म्हणून अनेक पालक मुलाचे वय वाढवून टाकतात आणि लहानांसाठी आपोआप लागू होणारी सगळी बंधने एका फटक्यात गळून पडतात. उदाहरणार्थ, आयफोनवर नग्न छायाचित्रे धूसर करणारी सोय १३ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर आपोआप चालू असते. वय २० लिहिले तर तिचा आधार गेला.

प्रश्न: मुलगी १० वर्षांची. गेममधली एक ‘मैत्रीण’ तिला दुसऱ्या ॲपवर बोलायला बोलावते आणि घरी सांगू नकोस म्हणते. मी फोन काढून घ्यावा का?

उत्तर: हे गंभीर आहे, तुमची शंका रास्त आहे. खेळातून खाजगी ॲपवर नेणे, गुपित ठेवायला लावणे, खेळातली नाणी भेट देणे, मग फोटो मागणे: मुलांना जाळ्यात ओढणारे बहुधा याच पायऱ्यांनी चढतात. समोर कोणत्या वयाची व्यक्ती आहे हे प्रोफाइलवरून मुळीच कळत नाही.

फोन लगेच हिसकावू नका. सांगितले की फोन जातो, एवढेच मूल त्यातून शिकते आणि पुढच्या वेळी गप्प बसते. ‘तू सांगितलेस ते फार चांगले केलेस, यात तुझी काही चूक नाही’ हे तिला आधी ऐकू द्या. मग क्रम पाळा. पहिल्यांदा संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. त्यांत त्या व्यक्तीचे वापरकर्तानाव आणि तारीख दिसू द्या. नंतर गेममधून तक्रार करा आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी करा, कारण काही ॲपमध्ये ब्लॉक करताच संभाषण दिसेनासे होते. मुलीच्या नावाने उत्तरे देऊन त्या व्यक्तीला पकडायला जाऊ नका. फोटो मागितला असेल, भेटायला बोलावले असेल किंवा धमकी आली असेल तर थेट पोलिसांकडे जा.

मुलीचा नग्न फोटो पाठवला गेला असेल आणि त्यावरून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नका. दिले की मागणी वाढते. तो फोटो पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका, मुलांचे असे फोटो पाठवणे हा अनेक देशांत गुन्हा आहे. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अशा वेळी उपयोगी पडते. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या आपल्या ॲपवर त्याच ठशाचा फोटो शोधून काढून टाकू शकतात.

पुढच्यासाठी गेममधली लेखी आणि आवाजी गप्पांची सेटिंग्ज दोन्ही तपासा. ती बहुधा वेगवेगळी असतात. ‘फक्त मित्र’ या पर्यायावर विसंबू नका. मैत्रीची विनंती स्वीकारली की कोणीही मित्र होतो. मित्रांची यादी मुलीसोबत बसून वाचा आणि प्रत्यक्ष ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढा.

प्रश्न: राउटरवरच फिल्टर लावला तर पुरे ना?

उत्तर: लावा जरूर. राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सोय) क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता घातला तर बहुतेक अश्लील आणि घातक संकेतस्थळे उघडत नाहीत. मात्र गेममधल्या गप्पा किंवा यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ त्याला दिसतच नाही. शिवाय फोन मोबाइल डेटावर गेला की राउटरचा संबंध संपतो, म्हणून मुलाच्या फोनवर डेटा सुरू असेल तर बंधने फोनमध्येच लावावी लागतील.