नुसती पुस्तकंच वाचायची असतील तर टॅब घेऊ नका

तुम्ही विचारलंय, वाचायला टॅब घ्यावा की किंडल (फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र), आणि टॅबवर सगळीच कामं होत असताना एकाच कामाचं यंत्र कशाला? हे दुसरं वाक्य माझ्या दादाचं, शब्दाला शब्द. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. आप्पा शाळामास्तर होते, आता मळा बघतात. वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही, पण बारीक टाईपाने डोळे शिणतात. दादाने पुण्याहून १० इंची टॅब पाठवला. शेतीची लाईट आळीपाळीने रात्रीची असते. मोटर चालू आहे तोवर आप्पा मळ्यातल्या खोलीत जागे. त्या अंधारात टॅबचा उजेड थेट डोळ्यांत, तासाभरात पाणी वाहायला लागायचं. दिवसा निंबाखाली बाजेवर उघडला की पडद्यात पुस्तकाऐवजी निंबच दिसायचा. मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, एकदा तापून बंदच पडला. शिवाय अर्धा किलोचं वजन, आणि दर दोन पानांनी कुणाचा तरी व्हॉट्सॲप.

केळीचे पैसे आले तसं मी किंडल घेतलं. दादा फोनवर म्हणाला, "पैसे पाण्यात घातलेस." पहिल्या रात्री पान उलटताना पडदा क्षणभर काळा झाला, तर आप्पा म्हणाले, "गेलं वाटतं रे हे." गेलं नव्हतं. त्या पडद्यात शाईचे काळे-पांढरे कण असतात, ते जागा बदलतात तेव्हा तसं होतं. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते, म्हणून चार्जिंग आठवडे पुरतं. उन्हात अक्षर कागदासारखं उठून दिसतं. रात्री त्याच्या आतल्याच दिव्याचा उजेड पडद्यावर पडतो, थेट डोळ्यांत येत नाही. वजन २०० ग्रॅमच्या आसपास. आप्पांनी अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम दहा ओळी मावतात. पहाटे लाईट गेली, मोटर थांबली, तरी ते खोलीतून बाहेर आले नाहीत. मी बघायला गेलो, तर वाचत होते.

एकच काम करतं हाच त्याचा गुण आहे. दादाला हे मी तीन वर्षं सांगतोय. विळीवर भाजी चिरतो म्हणून कुणी केळीचा घड कापायला घरातली विळी नेत नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. जुनी मराठी पुस्तकं बरीचशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात. ती ६ इंची पडद्यावर वाचवत नाहीत, कारण तिथे पान म्हणजे फोटो. अक्षर वाढवलं की ओळ बाहेर जाते. तुमचं वाचन मुख्यतः तसलं असेल, किंवा पोरांची रंगीत पुस्तकं असतील, तर टॅबच घ्या. तेवढ्यापुरतं दादाचं खरं.

पण घरात वाचणारं माणूस साठीच्या पुढचं असेल, तर आधी त्यांच्या हातात दोन्ही देऊन बघा. आमच्याकडे आप्पांना कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.